हिंमतरावांनी पास केलेलं लाकूड

शहाद्याहून तापीकडे उतरलं की केळीच्या बागांत एक गाव लागतं. तिथं कुणी घर बांधायला काढलं की तो आधी तिघांकडे जातो. मुहूर्तासाठी महाराजांकडे, आखणीसाठी गवंड्याकडे आणि लाकडासाठी हिंमतराव पाटलांकडे. महाराज दुसरे मिळतात. गवंडी तर काम अर्धवट टाकून पळतोच, मग नवा शोधावा लागतो. हिंमतरावांना मात्र पर्याय नाही. गाव त्यांना जिभाऊ म्हणतं, आणि जिभाऊंनी हळदीचं बोट लावल्याशिवाय गावात एक फळी ट्रॅक्टरवरून उतरत नाही, मग ती देवघराची असो की म्हशीच्या गव्हाणीची.

ते बोट लावणं बघण्यासारखं असायचं. हिंमतराव वखारीत शिरताना हात पाठीमागे बांधत. कुणाशी बोलत नसत. एखाद्या खांबापाशी थांबून बोटाच्या पेराने तीनदा ठोकत, कान लावत, डोळे मिटत. मग खाली वाकून वास घेत. आणि शेवटी, बरोबरचे सगळे श्वास रोखून उभे असताना, जिभेचं टोक हळूच लाकडाला लावत. मग "चाली जाई" एवढे दोन शब्द तोंडातून निघाले की खिशातली हळदीची पुडी बाहेर येई आणि खांबावर पिवळं बोट उमटे. घरमालकाच्या जिवात जीव येई. मग सगळे चहा घेत.

आता तुम्ही विचाराल, हिंमतरावांना लाकडातलं कळतं तरी किती? जरा थांबा. हा प्रश्न गावाने चाळीस वर्षांत एकदाही विचारला नाही, तुम्हालाच एवढी कसली घाई झाली?

तरी विचारलंच आहे तर सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी गावच्या भजनी मंडळाला मंडप बांधायचा होता. आठ-दहा मंडळी बैलगाड्या जुंपून थेट खापरच्या बाजाराला निघाली. हिंमतराव तेव्हा चोवीस वर्षांचे, गाडी हाकायला म्हणून गेलेले. वाटेत कुठंतरी शिळे भजे खाल्ले आणि वखारीत पोचेपर्यंत त्यांच्या पोटात कळा यायला लागल्या. इकडे मोठी माणसं एका तुळईवरून दोन तास भांडत होती. हिंमतरावांना घराकडे पळायचं होतं, निदान पलीकडच्या शेताकडे तरी. न राहवून त्यांनी त्या तुळईला एक लाथ घातली आणि म्हणाले, "हाई नको. ती ल्या." ती म्हणजे जी दाराजवळ होती, गाडीत लवकर चढली असती ती. तरण्या पोराचा तो आवाज ऐकून मोठी माणसं गप्प झाली आणि त्यांनी ती घेतली. नाकारलेली तुळई शेजारच्या गावाने आपल्या गोठ्यासाठी नेली, आणि ती पोळ्याच्या दिवशी बैलांच्या अंगावर कोसळली. झालं. त्या संध्याकाळी गावाला लाकडाचा जाणकार मिळाला.

पहिली दहा वर्षं हिंमतरावांना भीती वाटायची. पुढच्या तीस वर्षांत सवय झाली. पन्नाशीनंतर लाथ शोभेना, म्हणून पेराने ठोकणं आलं. ठोकलं की कान लावावाच लागतो. वास आणि जीभ तर आपोआपच सुचली. लाकडाला चव असते आणि ती प्रत्येक लाकडाची निराळी असते, एवढं मात्र त्यांना चाळीस वर्षांत खरंच कळलं होतं. त्या चवीवरून काय ओळखायचं ते कळलं नव्हतं.

आणि गाव तरी कसलं बेरकी. जिभाऊंनी पास केलेल्या गोठ्याचे खांब दुसऱ्याच पावसाळ्यात बुडाशी भुसभुशीत झाले, तेव्हा गावाने म्हशींना दोष दिला. सरपंचांच्या नव्या खिडक्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागली, तर ती शेजारच्या घरातून आली असं ठरलं. शाळेच्या फाटकाचा खांब पोकळ होऊन एका शनिवारी आपोआप आडवा झाला, तेव्हा तर हेडमास्तरांचीच बदली झाली. लाकूड कुजलं, मोडलं, भुंग्याने पोखरलं, पण त्याच्यावरच्या हळदीच्या बोटाला कधी बोल लागला नाही.

हिंमतरावांची जायची वखार एकच, खापरच्या रूपचंद शेठची. जवळ शहाद्यात वखारी नाहीत असं नव्हतं. पण रूपचंद शेठ हिंमतरावांना हात असलेली खुर्ची द्यायचा. "मी त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही," हे हिंमतराव छातीवर हात ठेवून सांगत आणि ते शंभर टक्के खरं होतं. शेठला पैसे द्यायची गरजच पडली नाही. खुर्चीतच काम भागत होतं. पुढं पुढं तर शेठ हळदीची वाटी स्वतःच तयार ठेवू लागला आणि मग एक दिवस, जिभाऊंना उन्हात कशाला त्रास, म्हणून पन्नास-साठ खांबांना आधीच बोटं लावून ठेवू लागला. हिंमतरावांनी ते पाहिलं. त्यांना थोडं वाईट वाटलं. पण चहा आला होता आणि खुर्चीवर नवी गादीही होती.

तर अशा या माणसाची लेक चारुलता. नाशिकला एका हॉटेलात दहा-बारा वर्षं कारभार सांभाळून ती गेल्या वर्षी नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, आपल्या मळ्यात भरीत पार्ट्या करायच्या. खानदेशात हिवाळा लागला की शेतात जाऊन वांगी भाजायची आणि पंगत बसवायची, ही काही नवी गोष्ट नाही. पण चारूने हिशेब वेगळा मांडला होता. केळीच्या बागेत, तापी दिसेल अशा उंचवट्यावर लाकडी माचाण उभारायचं, जमिनीपासून सात फूट वर, एका वेळी तीस माणसं बसतील असं. शहादा, नंदुरबार, अगदी सुरतेहून लोक येतील. नोकरी तर सोडलेलीच होती, आता हे चाललं नाही तर दुसरं काही हातात नव्हतं. हे ती बोलून दाखवत नसे, पण तिची आई सिंधुबाई तुळशीला पाणी घालताना रोज तेच मागत होती.

"लाकडाचं मी पाहतो," हिंमतराव म्हणाले. हे त्यांनी न म्हणता चाललं नसतं. आठ दिवसांत खापरहून ट्रॅक्टर आला, वर रूपचंद शेठचे आठ खांब, पिकल्या सागाच्या रंगाचे, प्रत्येकावर पिवळं बोट.

चारूने मात्र परस्पर सुतार ठरवला होता. सुरुपसिंग त्याचं नाव, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचं मूळ घर मणिबेलीच्या बाजूला. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्याच्या बापाने आणि त्याने अख्खं घर खांब-खांब उतरवून डोंगरावर नेलं आणि पुन्हा उभं केलं होतं. कुठला खांब जमिनीत किती वर्षांनी कुठं सडतो हे त्याने हातांनी उपटून पाहिलेलं. नंतर लाकूड टिकवण्याचं शिक्षणही त्याने घेतलं. घरी तो पावरी बोले, गावात आला की शाळेतलं मराठी. त्याने सुरतेकडच्या एका कारखान्यातून टेम्पो मागवला होता, त्यात नीलगिरीचे सोळा गोल खांब आणि पाइनच्या फळ्या, सगळ्यांवर फिकट हिरवट झाक.

हिंमतराव मळ्यात पोचले तेव्हा सुरुपसिंग एकटाच होता. त्यांनी हात पाठीमागे बांधले, हिरवट खांबापाशी थांबले, तीनदा ठोकलं, कान लावला, वास घेतला, आणि वाकून जीभ बाहेर काढली.

"बाबा, जीभ लावू नका," सुरुपसिंग म्हणाला. "विष आहे त्यात."

हिंमतरावांची जीभ आत गेली. चाळीस वर्षांत त्यांना असं मध्येच कुणी थांबवलं नव्हतं. सुरुपसिंगला त्यांच्या कीर्तीचा पत्ता नव्हता, त्यामुळे त्याने सरळ समजावून सांगायला घेतलं. लाकूड आधी नीट सुकवायचं, कारण ओल्या लाकडात हे विषाचं द्रावण शिरत नाही. मग मोठ्या बंद टाकीत घालून दाबाने ते आत खोलवर मुरवायचं. नुसतं वरून ब्रशने फासलं तर ते कातडीपुरतं राहतं आणि उधई आरामात आत जाते. जमिनीत गाडायच्या खांबाला जास्त मात्रा लागते, वरच्या फळीला कमी चालते, म्हणून कारखान्याचा शिक्का आणि चिठ्ठी बघून घ्यायची, कुठल्या वापरासाठी आहे ते त्यावर असतं. आणि खांब कापला की कापलेल्या तोंडाला पुन्हा द्रावण लावायचं, नाहीतर तेच दार उघडं राहतं.

"आणि सागवान?" हिंमतरावांनी विचारलं. आवाज जरा चढवूनच विचारलं.

"सागाचा गाभा उत्तम. शंभर वर्षं जाईल. पण सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी उधईचं जेवण." सुरुपसिंगने आठांतला एक खांब ओढला आणि करवत घेऊन त्याचं वीतभर तोंड कापलं. वर सुपारीसारखा तपकिरी रंग, नखाएवढा जाड. आत सगळं पांढरं. मग त्याने हिरवट खांबाचा तुकडा कापून शेजारी ठेवला. कडेपासून दोन बोटं खोलवर हिरवं कडं मुरलेलं होतं. "हा चहासारखा रंग नुसता वरून मारलाय," तो रूपचंदच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाला. "जमिनीत दोन पावसाळे. फार तर तीन. यावर तीस माणसं बसवायची म्हणता?"

त्या पांढऱ्या तोंडाकडे बघताना हिंमतरावांच्या डोळ्यांसमोर गावातली घरं एकापाठोपाठ एक येत होती. मग आजूबाजूला सुरुपसिंगशिवाय कुणी नाही ना ते पाहिलं, खिशातून पुडी काढली आणि सोळाच्या सोळा हिरवट खांबांवर हळदीची बोटं लावून मोकळे झाले. सुरुपसिंगला वाटलं, पूजा असेल.

संध्याकाळी पारावर त्यांनी जाहीर केलं, "खापरचं लाकूड मी परत धाडी दिधं. माचाणले इतलं भारी कसाले वापरो? तठे जरा नव्या तऱ्हेचं लावनं." आणि मग कारखान्याची टाकी, दाब, मात्रा, शिक्का, सगळं असं सांगितलं की जणू टाकीची झाकणं यांनीच घट्ट केली होती. गावाने माना डोलावल्या. जिभाऊ या वयातही नवं शिकतात, म्हणून दोघा-तिघांनी आपापल्या पोरांना तिथंच टोमणे मारून घेतले. पंधरा दिवसांत हिंमतराव प्रक्रिया केलेल्या लाकडाचे गावातले पहिले आणि एकमेव अधिकारी झाले. हे पद रिकामंच होतं म्हणा.

माचाण उभं राहिलं. खरंच देखणं झालं. खांबांची बुडं सिमेंटच्या ओट्यावर लोखंडी बैठकीत, पाणी साचू नये म्हणून. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट. फळ्यांमध्ये पाऊस खाली जावा म्हणून बोटभर फटी. पुढच्या पायऱ्या इतक्या रुंद की म्हातारं माणूसही न धरता चढेल. सुरुपसिंगने उरलेले तुकडे, भुसा, सगळं झाडून दोन गोण्यांत भरलं, तोंडं शिवली आणि खालच्या छपरात नीट ठेवलं.

पौषातल्या एका रविवारी उद्घाटन ठरलं. गावातली मानाची मंडळी आणि बाहेरचे मिळून साठ-सत्तर लोक. रूपचंद शेठलाही निमंत्रण होतं, तो गादीशिवाय आला. आणि शहाद्याचा भाग्येश आला, जो कुठं काय खायला चांगलं मिळतं याचे व्हिडिओ मोबाईलवर टाकतो. त्याने एका खानावळीच्या आमटीत केस दाखवला होता, त्या खानावळीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्याचा व्हिडिओ चांगला गेला तर पुढचे दोन महिने मळा भरलेला राहील, हे चारूला ठाऊक होतं. म्हणून ती पहाटेपासून उभी होती.

भरीत भाजायचं काम हिंमतरावांनी स्वतःकडे घेतलं. पण दोन दिवसांपूर्वी अवकाळी झाला होता आणि तुरीच्या, कपाशीच्या काड्या ओल्याकंच झालेल्या. नुसता धूर. वांगी ढीगभर, माणसं यायला लागलेली. हिंमतरावांची नजर छपराखालच्या गोण्यांवर गेली. कोरडं ठणठणीत लाकूड, आणि तेही आपण पास केलेलं. ते म्हणाले, "आपलं लाकूड आपल्याच भरताले." गोण्या फाडल्या. जाळ असा लागला की विचारू नका. मधूनच ज्वाळेला हिरवी झाक मारत होती. लोकांनी ती मोबाईलवर टिपली. वांग्यांची सालं तडतडली, वास सुटला, चार हातांनी सोलली गेली, लसूण-मिरचीसोबत लाकडी कुंडीत ठेचली गेली, आणि भली मोठी परात भरून हिरवंगार भरीत पंगतीपाशी आलं. त्यावर कांद्याची पात पडली. पुऱ्या तळून तयार होत्या.

तेवढ्यात सुरुपसिंग मोटारसायकलवरून उतरला. त्याने छपराखाली पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, आणि सरळ हिंमतरावांच्या कानाशी आला.

"गोण्या कुठं गेल्या?"

हिंमतरावांनी अभिमानाने राखेकडे हात केला.

सुरुपसिंगचा चेहरा उतरला. तो अगदी हळू बोलला, पण एकेक शब्द कळत होता. ते तुकडे जाळायचे नसतात. म्हणूनच शिवून ठेवले होते, परत न्यायला. आतलं विष जळत नाही, ते धुरात आणि राखेत उतरतं. वांगी उघड्या जाळावर, त्याच राखेत लोळवलेली. "एका घासाने कुणी मरेल असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण माझ्या लेकराला मी त्यातलं बोटभर देणार नाही."

पंगत बसत होती. भरीत थांबवायला तर हवंच. पण कसं? आणि काय ते डोकं म्हणावं माणसाचं, त्या क्षणीही हिंमतरावांना वाट सापडली. पाल. पाल पडली म्हणायचं. दोन शब्दांत परात उचलली जाईल, कुणी काही विचारणार नाही, हळदीचं बोट जिथल्या तिथं राहील. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

समोर भाग्येश मोबाईल परातीवर धरून उभा होता. त्याच्या शेजारी चारू, पदराला हात पुसत, दोन महिन्यांत पहिल्यांदा हसत होती. चारूच्या भरतात पाल पडली, पहिल्याच दिवशी. संध्याकाळपर्यंत ती पाल सुरतेला पोचली असती.

हिंमतरावांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"कोणी खाऊ नका," ते म्हणाले. "हाऊ जाळ मी कया. लाकूडमा विष व्हतं. चारूना काहीच दोष नही. माले ते माहीत नव्हतं, कारन माले लाकूडमधलं काहीच समजत नही. कव्हयच समजत नव्हतं."

मग सरपंच हसले, आणि त्यांच्यामागोमाग सगळी पंगत हसली. जिभाऊ गंमत करी ऱ्हायनात, असं कुणीतरी म्हणालं. एवढा मोठा माणूस, पण गर्व बघा नाही, असंही कुणीतरी म्हणालं. रूपचंद शेठने तर डोळे पुसले. आणि सरपंचांनी पळी घेऊन परातीत घातली.

मग हिंमतरावांनी ते केलं जे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी तुळईला केलं होतं, फक्त या वेळी पोट दुखत नव्हतं. परात उलटली. भरीत मातीत गेलं, कांद्याच्या पातीसकट.

आता मात्र लोकांना पटलं. बघा गंमत. कुजलेल्या चौकटी, पोकळ खांब, आडवं झालेलं फाटक, हे सगळं गावाने चाळीस वर्षं हसत सोसलं. पण तोंडाशी आलेलं भरीत मातीत गेलं आणि एका मिनिटात सगळ्यांना सगळं आठवलं. मन्ह्या खिडक्या, मन्हा गोठा, मन्ही गव्हाण. रूपचंद शेठ चप्पल हातात घेऊन रस्त्याला लागला. दहा-पंधरा लोक रागाने उठून गेले. बाकीचे बोलत राहिले आणि हिंमतराव एका जागी उभे राहून ऐकत राहिले. सिंधुबाई तेवढं म्हणाली, की म्हणूनच तर तिने लग्नानंतर धान्याची कोठी लोखंडाची घेतली होती.

भाग्येशचा मोबाईल चालूच होता. चारू त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, हे असंच्या असं दाखवा, काही कापू नका. मग सुरुपसिंगला घेऊन राख भरायला लागली, नवी कुंडी आणली, उरलेली वांगी गॅसच्या शेगडीवर लावली. जेवायला चार वाजतील, थांबायचं त्यांनी थांबा, असं तिने सगळ्यांना सांगितलं. सुरतेचं एक कुटुंब होतं, ते म्हणालं, जिथं खराब झालेलं अन्न मालक स्वतः फेकतो तिथं आम्ही सहा वाजेपर्यंतही थांबू. त्यांच्याकडे बघून आणखी पंचवीस-तीस जण थांबले.

चार वाजता लोक माचाणावर चढायला लागले. हिंमतराव पायऱ्यांच्या बाजूला उभे होते, त्यांना वर या असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी दगा आप्पा आला, ऐंशीच्या घरातला, काठी टेकत. भांडणात तो एक शब्द बोलला नव्हता. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सवयीने हिंमतरावांकडे पाहिलं.

"चढू का, जिभाऊ? लाकूड बरं शे ना?"

"माले माहीत नही, आप्पा," हिंमतराव म्हणाले. "सुरुपसिंगले इचारा."

वरून सुरुपसिंगने चढा म्हणून हात केला. पण आप्पाने पाय खाली घेतला.

"मन्हा दरवाजा," तो म्हणाला. "दोन वरीसमा उधईनी खादा. तव्हय तुम्ही सांगं, उंबऱ्यानी पूजा बरोबर व्हयनी नही."

हिंमतरावांना आठवलं. तेव्हा काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं होतं. सांगून ते चहा प्यायला गेले होते.

"तेबी माले माहीत नव्हतं," ते म्हणाले.

दगा आप्पा पायरीवर बसला. काठी त्याने दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली. वर पुऱ्या वाढायला लागले होते, चारू कुणाला तरी आग्रह करत होती.

"पूजा मन्ही म्हातारीनी कयी व्हती," आप्पा म्हणाला. "ती रडीसन सांगे, मी बरोबर कयी. ती मरस तोवर, अकरा वरीस, मी तिलेच बोल लावत ऱ्हायनू."

हिंमतराव त्याच्या शेजारी बसले. वरून चारूने दोघांना जेवायला हाक मारली. आप्पाला ती ऐकू गेली नाही, आणि हिंमतरावांना उठवेना.